स्टिअरिंगवरची लाल चिंधी

आमच्या ट्रकचे कागदोपत्री पहिले मालक भारताचे राष्ट्रपती होते. लष्कराची वाहने त्यांच्याच नावे असतात. लष्कराने लिलावात काढलेला हा ट्रक माझ्या नावे लावून घेण्यासाठी मी परिवहन कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विहित नमुन्यातला अर्ज पुढे सरकवला आणि आधीच्या मालकाची सही आणायला सांगितले. मी त्याच्याकडे आधीच्या मालकाचा पत्ता मागितला. त्याने प्रथमच मान वर केली. त्या एका सहीपायी मी अकरा पत्रे लिहिली, प्रत्येकाची पोच घेतली, सातव्या पत्रापासून 'विनंती' हा शब्द गाळून 'मागणी' हा शब्द घातला, आणि लष्कराच्या विक्री आदेशाची साक्षांकित प्रत हीच आधीच्या मालकाची सही समजावी, हे त्या कार्यालयाकडून अखेर लेखी मान्य करून घेतले. ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

हे फुशारकीसाठी सांगत नाही. शिक्का असलेल्या कागदावर माझा किती विश्वास होता ते कळावे, म्हणून सांगतो. पुढे जे घडले ते त्या विश्वासातूनच घडले.

मी कायद्याची पदवी घेतली, सनद घेतली नाही. ब्राह्मणपुरीच्या शिवारात आमची शेती आहे आणि केळीचा मळा नाल्यापलीकडे, काळ्या मातीत आहे. अवकाळीची एक सर आली की त्या मातीत ट्रॅक्टर पोटापर्यंत रुततो, आणि त्याला ओढायला गेलेला दुसरा ट्रॅक्टर त्याच्या शेजारी रुततो. कापलेले घड मात्र कोणासाठी थांबत नाहीत. म्हणून हा ट्रक घेतला: उंच, ओबडधोबड, पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ असलेला. लष्करी हिरवा रंग खासगी वाहनाला चालत नाही, म्हणून त्याला निळा दिला; जिथे फांदी घासते तिथे आतला हिरवा अजून डोकावतो. गावात त्याला कोणी ट्रक म्हणत नाही. 'मिल्ट्री' म्हणतात.

हे वाहन युद्धासाठी बांधलेले असल्यामुळे त्यात मोडण्यासारखे थोडे आहे, परंतु जे मोडते ते दुकानात मिळत नाही. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस व्होल्ट करावे लागतात, आणि त्यांतली एक नवी व एक जुनी लावली, तर जुनी नवीला थोड्याच दिवसांत आपल्यासारखी करून टाकते. टाकीतले डिझेल तळाला गेले की नळीत हवा शिरते. मग नट सैल करायचा, हातपंप मारत बसायचे, आणि फेस संपून निखळ डिझेल येईपर्यंत उठायचे नाही. सुटे भाग मालेगावच्या भंगार बाजारात ढिगाऱ्यातून वेचावे लागतात, आणि ते डोळ्यांनी नव्हे तर हाताने ओळखावे लागतात, कारण गंजाखाली सगळे सारखेच दिसते.

हाताने ओळखणारा एकच माणूस मला माहीत होता. सगळे त्यांना फौजी म्हणत. ते नवापूरकडच्या डोंगरातले, शेतकरी घरातले. लष्करात वाहनांच्या दुरुस्तीचे काम करून निवृत्त झालेले. कोरीट फाट्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. घरी ते डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलत, नटबोल्ट अडला की हिंदीत शिव्या देत, आणि आमच्याशी अहिराणीत बोलत. आमची मिल्ट्री, रनाळ्याच्या एका बोअरवेलवाल्याचा यंत्र चढवलेला लष्करी ट्रक, आणि अशीच आणखी काही जुनी धुडे त्यांच्याच हातावर जगत होती.

फौजींची एक रीत होती. चालवण्यास अयोग्य ठरलेल्या वाहनाच्या स्टिअरिंगला ते लाल चिंधी बांधत. लष्करात यासाठी लाल पाटी असे, इथे उसाच्या ट्रॉलीमागे लावतात त्या लाल फडक्याची पट्टी. गाठ त्यांची स्वतःची, एका विशिष्ट वळणाची, म्हणजे कोणी सोडून पुन्हा बांधली तर कळावे. ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मी पहिल्यांदा ती चिंधी पाहिली तेव्हा त्यांना म्हणालो, "फौजी, ट्रक माझा आहे."

"ट्रक तुम्हना शे, आप्पा. चिंधी मन्ही शे."

हे उत्तर मला आवडले होते. पुढच्या सोळा वर्षांत त्या चिंधीला मी कधी हात लावला नाही.

गेल्या वर्षी होळीनंतरच्या सोमवारी फौजी नेहमीच्या तपासणीला आले. त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले आणि स्वतः पायरीवर उभे राहिले.

"पायडल दाबा. दाबीसन धरा. वीस लगून मोजा."

मी मोजू लागलो. बारा-तेराच्या सुमारास माझा पाय हळूहळू खाली जाऊ लागला. वीस म्हणेपर्यंत पायडल पत्र्याला टेकले.

"गया ना खाले?"

"गेला. पण तेल कुठेच गळत नाही. चारही चाके मी सकाळी पाहिली, कोरडी आहेत."

"तेल भाहेर येस नही. मझारमाच फिरी ऱ्हायनं." त्यांनी बोटाने ब्रेकच्या मुख्य सिलिंडरकडे दाखवले. आतले रबरी वायसर सुजून चिरले होते. दाबलेले तेल पुढे चाकांकडे जाण्याऐवजी त्या चिरेतून मागे परतत होते. बाहेर थेंब पडत नसल्यामुळे हा दोष दिसत नाही, फक्त पायाला कळतो.

रागावलो की मी शुद्ध मराठीत बोलतो, अशी घरच्यांची जुनी तक्रार आहे. मी म्हणालो, "या वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र वैध आहे. अजून सात महिने मुदत आहे. ब्रेकची तपासणी होऊन त्यावर शिक्का पडलेला आहे. दोष आहे याला पुरावा काय?"

"तुम्हना पाय. तोच पुरावा शे."

"दोनदा दाबला की ब्रेक लागतो."

"हाँ, दोनबार लागस. आनि तिसरीबार?"

फौजींनी खिशातून पट्टी काढली आणि स्टिअरिंगला बांधली. "हाई मीच सोडसू. तोवर कोणी हात लावाना नही. तुम्ही बी नही. वायसर मालेगावले भेटी. गुरुवारले येस."

बुधवारी केळीची कापणी झाली आणि दुपारनंतर, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना, तासभर पाऊस झोडपून गेला. गुरुवारी सकाळी घड मळ्यात पडून होते, व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा होता, आणि दोहोंच्या मध्ये नाला व चिखल होता. मी फौजींना फोन केला.

"बसमा शे, आप्पा. वायसर भेटी गयात. दोन तासमा पोचस. थांबा."

मी थांबलोही असतो. परंतु व्यापाऱ्याचा माणूस मिल्ट्रीभोवती एक चक्कर मारून आला, खिडकीतून आत डोकावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय आप्पा, लढाईनी गाडी आनि एक चिंधी तिले रोकी ऱ्हायनी? कव्हय मुहूर्त शे चिंधीना?"

माणसे हसली. मी घरात गेलो, फाइल काढली, योग्यता प्रमाणपत्र बाहेर आणले आणि सर्वांसमोर वाचून दाखवले, क्रमांक, मुदत, शिक्का यांसह. मी हे मान्य केले पाहिजे की ते मी व्यापाऱ्याच्या माणसासाठी वाचत नव्हतो. मी ते मनातल्या मनात फौजींना वाचून दाखवत होतो. सोमवारी पुरावा मागितला होता आणि त्याच्या उत्तरात मला माझाच पाय दाखवला गेला होता, हे मला चार दिवस सलत होते. वाचून झाल्यावर मी घड कापण्याच्या कोयत्याने ती चिंधी कापली. गाठ सुटत नव्हती, म्हणून कापली. दोन तुकडे झाले, ते सदऱ्याच्या खिशात टाकले.

मळ्यात जाताना काही झाले नाही. दोनदा पायडल मारले की ब्रेक लागत होता, आणि प्रत्येक वेळी तो लागला की मला आपण बरोबर असल्याचा आनंद होत होता. भरलेला ट्रक घेऊन परत निघालो. नाल्याकडे उतार आहे, खाली फरशीपूल आहे. मजूर बायका उरलेले घड डोक्यावर घेऊन त्या फरशीवरून पलीकडे चालल्या होत्या. उताराच्या तोंडाशी मी खालचा गिअर टाकायला गेलो. ओझ्याने ट्रक पुढे ढकलला जात होता. गिअर कर्रकन वाजला आणि पडला नाही. ट्रक मोकळा झाला. मी पायडल मारले, ते खाली गेले. पुन्हा मारले, थोडे अडले आणि खाली गेले. तिसऱ्यांदा पायाखाली काहीच नव्हते. हातब्रेक ओढला, त्याने नुसता जळका वास सोडला.

मी हॉर्न दाबून धरला. बायकांनी वळून पाहिले, पण डोक्यावर घड असलेल्या बाईला पळता येत नाही.

ट्रक मळ्यात गेल्याचे ऐकून फौजी त्याच वेळी पलीकडच्या बस थांब्यावरून फरशी ओलांडून येत होते. हातात कापडी पिशवी होती. त्यांनी पिशवी टाकली, फरशीच्या कडेचा एक दगड उचलला आणि ट्रकच्या दिशेने, चढावर, धावत आले. ट्रकने अजून पुरता वेग घेतला नव्हता. त्यांनी दगड पुढच्या चाकाखाली सरकवला. चाक त्यावरून उडी मारून पुढे आले. ते चाकाबरोबर मागे-मागे सरकत राहिले, एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी ओढला आणि पुन्हा घातला. या वेळी ट्रक थांबला. त्यांचा डावा पाय धोंडा आणि टायर यांच्या मध्ये होता.

मी खाली उतरायला निघालो, तेव्हा त्यांचा आवाज आला. ओरडणे नव्हते, शेडमध्ये सांगत तसेच सांगणे होते.

"पहिले गेअरमा टाका, आप्पा. मंग इंजन बंद करा. मंग उतरा."

मी तसे केले. उतरलो तेव्हा वायसरांची पुडी पिशवीतून बाहेर पडून चिखलात पडलेली दिसली.

धुळ्याच्या रुग्णालयात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलीस दुसऱ्या दिवशी आले. माझा जबाब लिहून घेणारा हवालदार सज्जन माणूस होता. त्याने माझी अवस्था पाहून बरेचसे स्वतःच लिहिले. 'उताराने येत असताना वाहनाचे ब्रेक अचानक निकामी झाल्याने' असे एक वाक्य त्यात होते. मी आयुष्यात कोणत्याही कागदावर वाचल्याशिवाय सही केलेली नाही. ते वाक्यही मी वाचले. 'अचानक' हा शब्द खोटा आहे, हे मला सही करताना माहीत होते, आणि चिंधीचे दोन तुकडे त्या वेळी घरात, न धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात होते. मी सही केली.

त्या शब्दाने काय केले ते मला महिन्याभराने कळले. रनाळ्याचा बोअरवेलवाला शहाद्याच्या बाजारात भेटला. त्याने फौजींच्या तब्येतीची चौकशी केली, हळहळ व्यक्त केली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "आते वय व्हयी गयं फौजीनं. तुम्हना ब्रेक बी त्यासनीच तपासेल व्हता ना? अचानक गया सांगतस. मी मन्ही गाडी दुसरीकडे धाडी दिनी, आप्पा. माणसं ऱ्हातस वर."

मी 'नाही' म्हणालो नाही. 'काळजी घ्या' असे काहीतरी म्हणालो आणि भाजीच्या दुकानाकडे वळलो.

नंतर कोरीट फाट्यावरून बसने गेलो तेव्हा शेड बंद दिसली. ज्या माणसाने सोळा वर्षांत एकदाही चुकीचा निर्णय दिला नव्हता, त्याचा पाय मी घेतला होता; आता माझ्या सहीने त्याचा शब्दही जात होता. पायाचे काही करता येणार नव्हते. शब्द कागदावर गेला होता, तो कागदावरूनच परत आणता येणे शक्य होते.

मी चार पानांचे पत्र लिहिले. तीन दिवस लागले. ते घेऊन मी फौजींच्या गावी, नवापूरकडच्या डोंगरात गेलो. त्यांच्या पत्नीने अंगणात खाट टाकली, पाणी दिले आणि त्या आत गेल्या. मला त्यांनी काहीही विचारले नाही, आणि विचारले असते तर बरे झाले असते. फौजी भिंतीला टेकून बसले होते. कार्यालयीन मराठी त्यांना वाचायला जड जाई, म्हणून मी पत्र वाचून दाखवले. त्यात वाहनाचा पूर्वेतिहास होता, जमिनीचा प्रकार होता, पावसाचा उल्लेख होता, 'ब्रेकच्या यंत्रणेतील संभाव्य अंतर्गत दोषाबाबत उभयतांत चर्चा झाल्याचे स्मरते' असे एक वाक्य होते, आणि फौजींच्या शौर्याबद्दल एक संपूर्ण परिच्छेद होता.

ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आप्पा, हाई कागदमा मन्ही चिंधी कोठे शे?"

मी पाने चाळली. चार पानांत चिंधी नव्हती.

"राष्ट्रपतीले बी सोडं नही तुम्ही. एक सहीसाठे कितला कागद लिखात. आनि मन्ही चिंधीच ऱ्हायी गयी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पोकळ पायजम्याची घडी नीट केली आणि दुसरीकडे पाहू लागले.

मी शेवटचे पान उलटे केले आणि मांडीवर ठेवून कोऱ्या बाजूला लिहिले. 'ब्रेकमध्ये दोष असल्याचे मला सोमवारी स्पष्ट सांगण्यात आले होते. वाहन चालवू नये म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधलेली होती. ती मी गुरुवारी माझ्या हाताने कापली. ब्रेक अचानक निकामी झालेले नाहीत. माझा पूर्वीचा जबाब खोटा आहे. चिंधीचे दोन तुकडे सोबत जोडले आहेत.' ते मी वाचून दाखवले. फौजींनी फक्त मान हलवली. मी पहिली तीन पाने तिथेच फाडली आणि शेवटच्या पानाची मागची, जुन्या मजकुराची बाजू काट मारून रद्द केली.

घरी येऊन स्वच्छ प्रती केल्या. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने त्यांतली एक वाचली, तुकड्यांकडे पाहिले आणि खुर्चीत मागे रेलला. "काका, आता हे कशाला? गाडीचा दोष म्हणून मिटत आलं होतं. हे घेतलं तर सगळं तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. पोच द्या."

एक प्रत मी रनाळ्याला नेऊन बोअरवेलवाल्याच्या हातात दिली आणि तो ती पूर्ण वाचेपर्यंत त्याच्यासमोर उभा राहिलो. एक प्रत कोरीट फाट्यावर शेडच्या पत्र्याला चिकटवली. माझ्यावर गुन्हा दाखल झाला, तारखा चालू आहेत. कोर्टाच्या कागदांना मी एकही हरकत घेतलेली नाही.

बोअरवेलवाला परत आला. शेड उघडली. फौजींना आता गाडीखाली शिरता येत नाही. ते खुर्चीत बसतात आणि चालकांना पायडल दाबून वीसपर्यंत मोजायला लावतात. पूर्वी दिवसात तीन गाड्या पाहत, आता एक होते, आणि तेवढ्यानेही संध्याकाळी त्यांचा चेहरा राखेसारखा होतो. हे मी पाहिले आहे. हे कोणत्याही पत्राने दुरुस्त होत नाही.

पावसाळा संपल्यावर ते कुबड्या घेऊन आमच्याकडे आले. चिखलातून उचललेली वायसरांची पुडी मी धुऊन ठेवली होती. त्यांनी खाटेवर बसून सांगितले आणि मी केले: मुख्य सिलिंडर काढला, आतून निरखून पाहिला, वायसर ब्रेकच्याच तेलात भिजवून बसवले, मग सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाच्या ब्रेकनळीतली हवा काढली. दिवस गेला. शेवटी त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले आणि दाबायला सांगितले. मी वीस मोजले. पायडल हलले नाही. त्यांनी चाळीसपर्यंत मोजायला लावले. ते जागेवर होते.

"ब्रेक पास शे," फौजी म्हणाले. मग एका हाताने दाराला धरून ते पायरीशी आले, खिशातून नवी लाल पट्टी काढली आणि स्टिअरिंगला बांधली. तीच गाठ.

"ब्रेक पास आहे ना? मग ही?"

"हाई ब्रेकसाठे नही, आप्पा."

मी त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला निघालो, पण ते आधी फरशीकडे वळले. फरशीच्या तोंडाशी तो धोंडा अजून वाटेतच पडलेला होता. कुबडी त्याला अडली. "हाऊ बाजूले करा," ते म्हणाले, "कोणी ठेचकाळी पडी." मी तो ढकलून नाल्यात टाकला.

यंदा होळीनंतर पुन्हा सर आली. घड कापलेले होते, व्यापाऱ्याचा ट्रक रस्त्यावर उभा होता, आणि तोच माणूस मिल्ट्रीभोवती फिरून आला. या वेळी तो हसला नाही. नुसता माझ्याकडे पाहत राहिला. स्टिअरिंगवर चिंधी तशीच होती, चावी माझ्या खिशात होती, कोयता हातात होता. मी फौजींना फोन केला, पाऊस झाल्याचे सांगितले.

"थांबा, आप्पा," ते म्हणाले.

किती वेळ ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. घड मळ्यात काळे पडले. ट्रक उभा आहे.